परतफेड नेमकी कोणाची? कृष्णवर्णीय महाविद्यालये, त्यांचे माजी विद्यार्थी आणि पदवीदानाचे भाषण

जून १९२४. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर. फिस्क विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. व्यासपीठावर याच संस्थेचा १८८८ सालचा पदवीधर उभा आहे : डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. वय ५६. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला पहिला कृष्णवर्णीय, ‘द क्रायसिस’ मासिकाचा संपादक. त्या वर्षी त्याची मुलगी योलांद हीदेखील फिस्कमधूनच पदवी घेत होती. माजी विद्यार्थ्याने मातृसंस्थेचे गोडवे गावेत, नव्या पदवीधरांना ‘नेतृत्व करा, समाजाचे ऋण फेडा’ असे सांगावे आणि टाळ्यांच्या कडकडाटात खाली बसावे, एवढीच अपेक्षा असावी.

डुबॉइसने भाषणाला शीर्षक दिले होते ते लॅटिन, सिसेरोच्या एका भाषणाच्या आरंभातून घेतलेले : ‘दीर्घ मौनानंतर’. ते मौन त्याने अध्यक्ष आणि विश्वस्त यांच्यासमोरच सोडले. फिस्कमध्ये विद्यार्थ्यांना बोलण्याची मुभा उरलेली नाही, शिस्तीच्या नावाखाली त्यांचा स्वाभिमान मोडला जात आहे, आणि एखाद्या संस्थेचे माजी विद्यार्थी तिच्यावर इतके कडवट झालेले आपण कुठे पाहिले नाहीत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. नव्या पदवीधरांच्या हाती शुभेच्छांऐवजी असे गाऱ्हाणे देणे कितपत शोभते, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल.

तरीही कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या इतिहासातील ‘परतफेडी’चा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. हा धागा त्याच मतासाठी आहे. या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी दरवर्षी नव्या पदवीधरांना ‘परत द्या’ असे सांगतात, त्यामागे दीडशे वर्षांचा एक न मिटलेला वाद आहे. तो वाद असा की ऋण आहे हे खरे, पण ते कोणाचे?

आधी थोडी पार्श्वभूमी. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि कालपर्यंत अक्षर ओळखणे ज्यांना मना होते, त्यांच्यासाठी शाळा निघू लागल्या. यांतल्या कित्येक शाळा नावाने विद्यापीठे होती. शिकवणे मात्र मुळाक्षरांपासून सुरू होई. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने अशा संस्थांची व्याख्या केली : १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हा ज्यांचा मुख्य हेतू, त्या. आज अशा सुमारे १०० संस्था आहेत.

फिस्क त्यांपैकी जुनी. जानेवारी १८६६ मध्ये ती उघडली ती उत्तरेच्या सैन्याने सोडलेल्या इस्पितळाच्या लाकडी बराकींत. नॅशव्हिलच्या गुलामबाजारातील बेड्या आणि साखळ्या भंगारात विकून आलेल्या पैशांतून सुरुवातीची अंकलिपी आणि पुस्तके घेतली, अशी कथा विद्यापीठाच्या परंपरेत सांगितली जाते. पाचच वर्षांत संस्था कर्जात बुडाली आणि बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांचे एक गायनपथक घेऊन प्रस्थान ठेवले. त्यातले बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. सोबत एला शेपर्ड ही पियानो वाजवणारी, तीही विद्यार्थिनीच.

या पथकाची पहिली परतफेड विलक्षण म्हणावी लागेल. दौऱ्याच्या सुरुवातीलाच शिकागोच्या भीषण आगीची बातमी आली. पथकाकडे स्वतःच्या जेवणाखाणाची आणि निवाऱ्याची भ्रांत होती, तरी एका कार्यक्रमाची जेमतेम ५० डॉलरच्या आतबाहेरची मिळकत त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. पुढे आईवडिलांच्या पिढीची भक्तिगीते ते गाऊ लागले आणि चित्र पालटले. पहिल्या दौऱ्यातून सुमारे २०,००० डॉलर जमले. १८७३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. (त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण कालपट्टीवर त्या शेजारीशेजारी आहेत.) या गायनातून उभी राहिलेली ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत १८७६ पासून आजतागायत उभी आहे.

आणि ते गायक? दौऱ्यांच्या दगदगीत त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण अर्धवट राहिले, कित्येकांची प्रकृती ढासळली. ज्यांनी विद्यापीठ वाचवले त्यांना त्याची पदवी पुरती लाभली नाही. ‘ऋण’ हा शब्द फिस्कमध्ये उच्चारला जातो तेव्हा तो यांच्याविषयी असतो, निदान असायला हवा. देणगीच्या पावतीवर यांचे नाव नसते.

येथेच दोन प्रकारची ऋणे वेगळी होतात. एक त्या नऊ जणांचे आणि त्यांच्यासारख्या असंख्य निनावी माणसांचे. दुसरे उत्तरेतील गोऱ्या दानशूरांचे, मिशनरी मंडळांचे आणि पुढे उद्योगपतींच्या निधीसंस्थांचे. दोघांनीही पैसा दिला, श्रम दिले. पण दुसऱ्या ऋणाबरोबर बहुधा एक अपेक्षा चिकटलेली असे : कृतज्ञ राहा, फार ताठ मानेने वागू नका.

फिस्कचे गोरे अध्यक्ष फेयेट मॅकेन्झी यांचा प्रश्न तोच होता. माणूस कर्तबगार. संस्थेसाठी १० लाख डॉलरचा स्थायी निधी उभारण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली आणि ती तडीस नेली. पण देणगीदारांना आणि नॅशव्हिलच्या गोऱ्या समाजाला ‘शिस्तबद्ध’ कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखवणे त्यांना आवश्यक वाटत होते. विद्यार्थी परिषद मोडीत निघाली, ‘फिस्क हेरल्ड’ हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद झाले, मुलींच्या पोशाखावर आणि मुलामुलींच्या एकत्र वावरण्यावर कडक निर्बंध आले. डुबॉइसने भाषणात यावर बोट ठेवले आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. बंद पाडलेले ‘हेरल्ड’ त्याने न्यूयॉर्कहून माजी विद्यार्थ्यांच्या बळावर पुन्हा छापायला घेतले.

पुढची हकीकत वेगाने घडली. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी रात्री निदर्शने केली, खिडक्यांची तावदाने फुटली. मॅकेन्झी यांनी शहरातील गोरे पोलीस विद्यापीठाच्या आवारात बोलावले. ज्या काळात दक्षिणेत गोऱ्या जमावाकडून होणाऱ्या हत्या नित्याच्या होत्या, त्या काळात कृष्णवर्णीय मुलांच्या वसतिगृहात गोरे पोलीस घुसवणे म्हणजे काय, हे नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीला समजावून सांगावे लागले नाही. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, गावातील कृष्णवर्णीय समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला, आणि एप्रिलमध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला.

डुबॉइसने फिस्कला दिले ते हे. धनादेश नाही, संकट. काही जण म्हणतील की निधी जमवणाऱ्या अध्यक्षाला घालवून संस्थेचे नुकसानच झाले. आर्थिकदृष्ट्या हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु ज्या विद्यापीठात विद्यार्थ्याला तोंड उघडता येत नाही, ते विद्यापीठ भक्कम निधीवर उभे राहिल्याने कोणाचे भले होणार होते, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यायला हवे.

आता थोडे मागे जाऊन परतफेडीचा दुसरा, शांत प्रकार पाहू. तो कष्टाचा आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला मिळालेली जागा तोकडी आहे.

१८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी या गावी बुकर टी. वॉशिंग्टन हा २५ वर्षांचा शिक्षक आला. हॅम्प्टन या संस्थेचा तो माजी विद्यार्थी. त्याला बोलावून घेण्यामागे गावातील एका माणसाची खटपट होती : ल्युइस ॲडम्स, पूर्वीचा गुलाम आणि हरहुन्नरी कारागीर. राज्याने शिक्षकांच्या पगारापुरते वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. जमीन आणि इमारतींची सोय ज्याची त्याने बघायची होती. विटा विकत घेणे परवडेना म्हणून विद्यार्थ्यांनीच वीटभट्टी लावली. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसे नव्हते. तेव्हा वॉशिंग्टनने माँटगोमेरीला जाऊन स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. घड्याळ मात्र त्याला कधी सोडवता आले नाही.

वॉशिंग्टनच्या राजकारणावर टीका करायला भरपूर वाव आहे आणि डुबॉइसने ती केलीही. पण टस्कीगीतून बाहेर पडलेली माणसे काय करत होती ते पाहिले म्हणजे त्या दोघांच्या वादातील बराच धुरळा खाली बसतो. पहिल्या तुकडीची पदवीधर कॉर्नेलिया बोवेन हिने १८८८ मध्ये अलाबामातीलच माउंट मेग्ज येथे शाळा काढली. विल्यम एडवर्ड्सने १८९३ मध्ये स्नो हिल येथे. एलिझाबेथ एव्हलिन राइट ही प्रकृतीने सदा खालावलेली तरुणी दक्षिण कॅरोलिनात गेली आणि १८९७ मध्ये डेन्मार्क या गावी तिने शाळा सुरू केली. आज ते व्हूरीझ विद्यापीठ आहे. विल्यम होल्ट्झक्लॉने १९०३ मध्ये मिसिसिपीतील युटिका येथे संस्था उभारली. एका शाळेतून निघालेली ही बीजे. त्यांच्यापैकी कोणीही आपल्या मातृसंस्थेच्या आवारात स्वतःच्या नावाची पाटी लावून घेतली नाही. शिकलेले तंत्र उचलले आणि जिथे शाळा नव्हती तिथे नेऊन लावले.

डुबॉइसलाही हे ठाऊक होते. फिस्कमध्ये असताना सुट्ट्यांत तो टेनेसीच्या खेड्यांत शिकवायला जाई. पुढे अटलांटा विद्यापीठात असताना १९०० च्या सुमारास त्याने कृष्णवर्णीय महाविद्यालयीन पदवीधरांची पाहणी केली : ही माणसे शिकून करतात काय? जवळजवळ दोन तृतीयांश पदवीधरांची माहिती हाती आली. त्यांपैकी ५३ टक्के शिक्षक होते आणि १७ टक्के धर्मोपदेशक. म्हणजे दर दोन पदवीधरांतील एकाहून अधिक जण पुन्हा फळ्याजवळच उभा होता. कृष्णवर्णीयांना उच्च शिक्षण देऊन उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर होते.

याच पायावर १९०३ मध्ये त्याने ‘प्रतिभावान दशांश’ ही कल्पना मांडली. शब्दप्रयोग त्याचा नव्हता. हेन्री मोरहाउस या गोऱ्या बाप्टिस्ट कार्यकर्त्याने तो १८९६ मध्ये वापरला होता; त्याच मोरहाउसचे नाव पुढे अटलांटातील प्रसिद्ध महाविद्यालयाला मिळाले. कल्पना अशी की दहांतील सर्वांत बुद्धिमान एकाला उत्तम शिक्षण द्यावे, तो उरलेल्या नवांना वर उचलेल. आजही कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या समारंभांत नव्या पदवीधरांना ‘नेतृत्व करा’ असे सांगितले जाते त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

कल्पना भव्य होती आणि तिला जन्मतःच एक भोक होते. दहावा माणूस वर चढल्यावर खाली पाहीलच, याची हमी कोण देणार?

हे भोक शेवटी दाखवले तेही डुबॉइसनेच, ४५ वर्षांनी. १९४८ मध्ये ओहायोतील विल्बरफोर्स येथे ‘सिग्मा पाय फाय’ या संघटनेसमोर तो बोलला. ही डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा यशस्वी कृष्णवर्णीय पुरुषांची प्रतिष्ठित बंधुसंस्था. म्हणजे साक्षात प्रतिभावान दशांशच समोर बसलेला. त्यांना त्याने सांगितले की ज्ञान आले म्हणजे त्याग आपोआप येईल हे आपण गृहीत धरले होते. तारुण्याच्या आदर्शवादात हे लक्षात आले नाही की मनुष्याला त्यागापेक्षा स्वार्थ अधिक स्वाभाविक असतो. दशांशाच्या जागी त्याने ‘मार्गदर्शक शतांश’ अशी नवी, संघटित आणि त्यागाला बांधलेली रचना सुचवली. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने आपल्याच सुप्रसिद्ध सिद्धांताची अशी उलटतपासणी करावी, आणि तीही ज्यांना तो सिद्धांत सर्वांत सोयीचा होता त्यांच्यासमोर, हे विचारवंतांच्या इतिहासात वारंवार घडत नाही. दुर्दैवाने १९०३ चा निबंध सर्वत्र वाचला जातो आणि १९४८ चे भाषण फारसे कोणी उघडत नाही.

त्याच सुमारास डुबॉइसकडे मुंबईहून ओळख नसलेल्या एका माणसाचे पत्र गेले होते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला लिहिले की अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती यांत पुष्कळ साम्य आहे, आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती आपल्याला हव्या आहेत. डुबॉइसने ३१ जुलैला आपुलकीने उत्तर दिले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन्ही प्रकारची ऋणे स्पष्ट दिसतात. कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ मध्ये गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा लेखी करार होता. करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले आणि राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. करारातली परतफेड जातिव्यवस्थेने होऊ दिली नाही. दुसरे ऋण कुठल्याही कागदावर नव्हते, आणि ते त्यांनी जन्मभर फेडले. म्हणूनच १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाने आपल्याला दगा दिला ही खंत त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा तिला वजन होते. विल्बरफोर्स आणि आग्रा यांत आठ वर्षांचे अंतर आहे, दुखणे एकच.

आता या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती. एला बेकर. उत्तर कॅरोलिनातील रॅले शहराच्या शॉ विद्यापीठाची १९२७ ची पदवीधर, वर्गात पहिली आलेली. विद्यार्थिदशेत तिने मुलींना रेशमी पायमोजे घालण्याची परवानगी मिळावी म्हणून प्रशासनाशी झगडा केला होता. स्वतःकडे तसे मोजे नव्हते, प्रश्न हक्काचा होता. (फिस्कमधील मुलीही त्याच काळात पोशाखाच्याच नियमांवर चिडलेल्या होत्या. क्रांतीच्या इतिहासात पायमोज्यांवर कोणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही.)

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथील कृष्णवर्णीय कृषी व तांत्रिक महाविद्यालयाचे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. काही आठवड्यांत हे लोण दक्षिणभर पसरले. बेकर तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत कार्यकारी पदावर होती. तिने संघटनेकडून ८०० डॉलर मिळवले आणि ईस्टरच्या सुट्टीत या विद्यार्थ्यांची परिषद बोलावली. जागा? तिचे स्वतःचे जुने विद्यापीठ, शॉ. ५६ वर्षांची माजी विद्यार्थिनी आपल्या मातृसंस्थेत नव्या पिढीला बोलावते आहे. इथपर्यंत हा नेहमीचाच प्रसंग वाटतो.

पण तिने त्यांना सांगितले ते नेहमीचे नव्हते. थोरांच्या संघटनेची युवाशाखा बनू नका, आपले निर्णय आपण घ्या, आणि एखाद्या मोठ्या नेत्याभोवती गोळा होण्याऐवजी समूहातून नेतृत्व घडवा. ज्या संघटनेच्या पैशांवर परिषद भरली तिच्याच ज्येष्ठांना विद्यार्थी आपल्या छत्राखाली हवे होते. बेकरने ते होऊ दिले नाही. या परिषदेतून ‘स्निक’ ही स्वतंत्र विद्यार्थी संघटना जन्मली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत मिसिसिपीच्या खेड्यांत मतनोंदणीसाठी मार खाल्ला तो तिच्या कार्यकर्त्यांनी.

डुबॉइसचा दशांश वरून खाली हात देतो. बेकरच्या कल्पनेत शिकलेला माणूस खाली उतरतो, शेजारी बसतो आणि भागधारक शेतकऱ्यालाच बोलू देतो. दोन्ही मार्गांचे समर्थक आजही आहेत. इतिहासाचा पुरावा पाहता बेकरचे पारडे जड वाटते. नेत्यांवर उभी राहिलेली चळवळ नेत्यांच्या हत्येने, मोहाने किंवा नुसत्या थकव्याने खचते. आणि माजी विद्यार्थ्यांची भाषणे नेमकी या धोक्याविषयी मुकी असतात.

आता वर्तमानाकडे, कारण ‘परत द्या’ या वाक्याचा अर्थ अलीकडे जवळजवळ केवळ पैसा असा झाला आहे. १९ मे २०१९ रोजी मोरहाउस महाविद्यालयाच्या पदवीदानात रॉबर्ट स्मिथ या कृष्णवर्णीय अब्जाधीशाने जाहीर केले की या संपूर्ण तुकडीचे शैक्षणिक कर्ज आपण फेडू. सुमारे ४०० पदवीधर. रक्कम अखेर ३ कोटी ४० लाख डॉलर झाली, त्यात पालकांनी काढलेली कर्जेही होती. ‘पुढच्यांसाठी तुम्हीही असेच करा’, असे त्याने पदवीधरांना बजावले. सगळ्यांचे डोळे पाणावले आणि ते योग्यच होते. पण भागाकार करून पाहावा : माणशी सुमारे ८५,००० डॉलर. म्हणजे पदवीचा कागद हाती पडतो त्या क्षणी या तरुणाच्या डोक्यावर एवढा बोजा असतो, आणि त्याच क्षणी व्यासपीठावरून त्याला सांगितले जाते की समाजाचे देणे विसरू नकोस. मोरहाउसच्या आधीच्या वर्षीच्या तुकडीला स्मिथ भेटला नव्हता, आणि नंतरच्याही.

शिवाय मुळात कोणी कोणाचे किती देणे लागते, याचा एक हिशेब सरकारनेच केला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्री यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवली. प्रत्येक राज्यात कृषी व तंत्रशिक्षणासाठी एक गोऱ्यांचे आणि एक कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आहे. १८९० च्या कायद्याने दोघांना न्याय्य वाटणी मिळायला हवी. प्रत्यक्षात गेल्या तीन दशकांत कृष्णवर्णीय विद्यापीठांना एकूण १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाले, असे त्या पत्रांत म्हटले होते. एकट्या टेनेसी राज्य विद्यापीठाचा तुटवडा २.१ अब्ज. ते विद्यापीठही नॅशव्हिललाच आहे, फिस्कपासून फार दूर नाही. या आकड्यांसमोर माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक वर्गणीचे आवाहन केविलवाणे वाटते.

म्हणून या धाग्यातले शेवटचे उदाहरण मेरिलँडचे, आणि ते बॅलस्टिक भाषणांचे नसून न्यायालयाचे आहे.

बॅल्टिमोरचा थर्गुड मार्शल १९३० मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन या कृष्णवर्णीय विद्यापीठातून पदवीधर झाला. घराजवळच्या मेरिलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, म्हणून तो रोज वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात जाऊन-येऊन शिकला. तिथे चार्ल्स ह्यूस्टन हे गुरू भेटले. रात्रीच्या वर्गांची ती विधी शाळा ह्यूस्टन यांनी पूर्णवेळ केली होती. जो वकील समाजाच्या घडणीसाठी राबत नाही तो समाजावरचे बांडगूळ, अशी त्यांची धारणा होती. मार्शलची पदवी १९३३ ची. दोनच वर्षांत गुरुशिष्यांनी डोनाल्ड मरी या कृष्णवर्णीय तरुणाच्या वतीने त्याच मेरिलँड विधी महाविद्यालयाविरुद्ध दावा लढवला आणि जिंकला. १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल कायम केला. इथून निघालेली वाट १९५४ च्या ब्राउन खटल्यापर्यंत गेली.

त्यानंतर ७० वर्षांनी, २००६ मध्ये, मेरिलँडमधील चार कृष्णवर्णीय विद्यापीठांचे माजी विद्यार्थी आणि हितचिंतक एकत्र आले आणि त्यांनी राज्यावर दावा लावला. तक्रार नेमकी होती. मॉर्गन, कॉपिन, बोवी आणि ईस्टर्न शोर येथील विद्यापीठांनी एखादा चांगला अभ्यासक्रम उभा केला की राज्य तोच अभ्यासक्रम शेजारच्या, प्रामुख्याने गोऱ्या विद्यापीठात सुरू करण्यास परवानगी देई. विद्यार्थी तिकडे वळत आणि इकडचा अभ्यासक्रम सुकत जाई. मॉर्गनचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असताना २००५ मध्ये शेजारच्या दोन विद्यापीठांना मिळून तसाच अभ्यासक्रम काढू देण्यात आला, ही ठिणगी ठरली. २०१३ मध्ये न्यायालयाने मान्य केले की ही अनावश्यक पुनरावृत्ती म्हणजे जुन्या वर्णविभाजनाचाच अवशेष आहे. तरी तडजोड होईना. २०२० मध्ये विधिमंडळाने निधीचा कायदा केला, गव्हर्नरांनी महामारीतील खर्चाचे कारण देऊन तो नाकारला. अखेर मार्च २०२१ मध्ये सही झाली : ५७ कोटी ७० लाख डॉलर, दहा वर्षांत, चारही विद्यापीठांना मिळून.

पंधरा वर्षे हे लोक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते. मिळालेल्या रकमेतून त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हते. त्यांचे शिक्षण केव्हाच संपले होते. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुले २०२४ साली या विद्यापीठांत पहिल्या वर्षाला प्रवेश घेण्याच्या वयाची झाली.